एक पान अधिक

माटुंग्याच्या आमच्या घरीं दिवाळीच्या पाडव्याला पंगतींत एक पान अधिक मांडण्याची चाल आहे. मी लग्न होऊन या घरांत आलें 1984 सालीं. पहिल्याच पाडव्याला मीं माणसें मोजून अकरा पानें मांडलीं, तेव्हां सासूबाई स्वयंपाकघराच्या दारांतून डोकावल्या आणि म्हणाल्या, "बारावें कुठें आहे?" "बारावें कुणाचें, आई?" असें मीं विचारलें. "तें कोणी आलें म्हणजे कळेल," एवढेंच उत्तर मिळालें. मला वाटलें, हा पितरांचा कांहीं प्रकार असावा, नाहीं तर या घराण्याचा कुळाचार. घरोघरच्या चाली निराळ्या. नव्या सुनेनें खोदून विचारूं नये, म्हणून मी गप्प राहिलें. बाराव्या पानावर मिठापासून भातापर्यंत सारें रीतसर वाढलें गेलें. वाटींत खपली गव्हाची खीर आली, तिच्यावर भाजलेली खसखस आली. जेवणें झालीं, विडे झाले, आणि तें पान जसेंच्या तसें राहिलें. दुपारीं मुलांनीं त्यांतली खीर वांटून खाल्ली.

पुढें पांच-सहा वर्षांनीं समजलें कीं, हा कुळाचार नव्हेच. ही चाल पोलंड देशांतून निघाली, कोल्हापुरास आली, आणि तेथून सासूबाईंच्या मागोमाग माटुंग्याच्या या बिऱ्हाडांत शिरली.

वाचकांना हें चमत्कारिक वाटेल. माटुंग्यास राहणाऱ्याला तितकेंसें वाटणार नाहीं. 1896 सालच्या प्लेगनंतर मुंबईची दाटी मोडण्यासाठीं 1898 मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि त्यानें पुढें दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, बागा व मोकळ्या हवेचीं घरें आंखलीं. त्या घरांत तामिळ, कानडी, गुजराती, कच्छी, पारशी अशीं नाना तऱ्हेचीं कुटुंबें येऊन राहिलीं. आमच्या जिन्यासमोरच्या बिऱ्हाडांत मद्रासकडच्या मामी आहेत. पहांटे त्यांच्या उंबऱ्यापुढें तांदळाच्या पिठाचें कोलम उमटतें, आमच्या उंबऱ्यापुढें रांगोळीचीं गोपद्में. प्रथम कित्येक वर्षें हीं दोन घरें एकमेकांचें सोवळें दुरून तपासून पाहत असत. त्यांना आमची कांद्याची फोडणी सोसत नसे, आणि आमच्या आजेसासूबाई त्यांच्या सांबाराला 'पातळ आमटी' म्हणून नाक मुरडीत. आतां वाट्यांची देवघेव इतकी झाली आहे कीं, कोणती वाटी मूळची कोणाची हें दोन्ही घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं. या देवघेवीला प्रारंभ सासूबाईंनीं केला. परक्याचें घर कसें पाहावें, हें त्या माटुंग्यास येण्यापूर्वींच शिकल्या होत्या, आणि शिकल्या त्या वळिवड्यास.

वळिवडें हें कोल्हापूरजवळचें, पंचगंगेच्या कांठचें गांव. मिरजेहून कोल्हापुरास जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें लहानसें स्टेशन आहे. 1943 सालीं येथें सुमारें 5,000 पोलिश निर्वासितांची वसाहत झाली. हे लोक मूळचे पूर्व पोलंडचे. 1939 च्या सप्टेंबरांत जर्मनीनें पश्चिमेकडून आणि रशियानें पूर्वेकडून त्या देशाचे लचके तोडले. 1940 च्या फेब्रुवारीपासून रशियनांनीं पूर्वेकडच्या कुटुंबांमागून कुटुंबें रात्रीं-अपरात्रीं उठवून मालगाड्यांत कोंबलीं आणि सैबेरिया, कझाकस्तान अशा मुलखांत नेऊन टाकलीं. पुढें हिटलर रशियावर उलटला. मग 1941 च्या जुलईंत रशिया व लंडनमधील पोलिश सरकार यांचा करार झाला, अडकलेल्यांना मोकळीक मिळाली, आणि 1942 सालीं जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारों बायकामुलें कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलीं. तेथून कराची, आणि कराचीवरून वळिवडें. पुरुष लढाईवर गेलेले, नाहीं तर बर्फांत कायमचे राहिलेले. म्हणून वसाहतींत बहुतेक बायका, मुलें आणि म्हातारीं माणसें.

जामनगरच्या जामसाहेबांनीं, दिग्विजयसिंहजींनीं, बालाचडीस पोलिश मुलांना आसरा दिला ती कथा आतां बरीच प्रसिद्ध झाली आहे. ती छावणी 1946 सालीं बंद झाली, तेव्हां तेथलीं पुष्कळ मुलें वळिवड्यासच आलीं. कोल्हापुरास त्या काळीं राजाराम महाराज वारलेले होते (1940) आणि गादीवर अल्पवयी छत्रपति होते. पोलिश मनुष्य महाराष्ट्राला तोंवर अगदींच अपरिचित होता असें नव्हे. औंध संस्थानांत 1939 सालीं प्रजेच्या हातीं कारभार देणारी जी घटना झाली, तिच्या आंखणींत मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांचा मोठा हात होता, आणि ते पोलंडचेच. पण तो एक एकटा, विरक्त इंजिनियर. वळिवड्यास आला तो संसार: चुली, पाळणे, म्हाताऱ्या, शाळेचीं दप्तरें आणि शेजाऱ्यांचीं भांडणें यांसह आलेला.

सासूबाईंचे वडील कोल्हापुरांत वकिली करीत. सासूबाई तेव्हां अकरा वर्षांच्या होत्या. गोरा माणूस म्हणजे रेसिडेन्सींतला साहेब, तो गाडींतून उतरतो आणि त्याचें सामान दुसरे उचलतात, अशी त्या वेळच्या कोल्हापूरकरांची समजूत. पोलिश बायकांनीं ती एका महिन्यांत पार मोडली. त्या स्वतः कपडे धूत, स्वतः ओझीं वाहत, आणि भाजी घेतांना जुडी उलटीपालटी करून पाहत. सासूबाईंच्या माहेरची मोलकरीण एक दिवस बाजारांतून धांवत आली आणि म्हणाली, "वैनी, गोऱ्या बायकाबी दोन पैशासाठनं घासाघीस करत्यात!" तिला त्यांच्याविषयीं त्या क्षणापासून जी आपुलकी वाटूं लागली ती कायमची.

वकील-मास्तर मंडळींच्या आधीं पोलिश भाषा शिकले ते फेरीवाले. अंडीं विकणारा 'याय्का' म्हणून ओरडे, दूधवाला 'म्लेको' म्हणे. त्या भाषेंत पुरुषाला 'पान' आणि बाईला 'पानी' म्हणतात. भाजीवाले 'पानी, पानी' अशा हांका मारीत वसाहतींत हिंडूं लागले, तेव्हां कोणा नव्या शिपायानें पाण्याची कळशीच आणून ठेवली, अशी एक गोष्ट सासूबाई सांगतात. ती घडलेली कीं रचलेली, हें मी पैजेवर सांगणार नाहीं. याहून मौजेची गोष्ट ही कीं, पोलिश माणूस परक्याशीं किंवा वडीलधाऱ्याशीं बोलतांना 'तूं' किंवा 'तुम्ही' न म्हणतां 'बाई काय घेणार?', 'पान कुठें निघाले?' असें तृतीय पुरुषीं बोलतो. शाळेंत इंग्रजी व्याकरण घोकणाऱ्या मुलींना हें विलक्षण वाटे. सासूबाईंच्या आजीला मात्र त्यांत कांहींच विशेष वाटलें नाहीं. "मग आम्ही काय निराळें बोलतों?" असें त्या म्हणाल्या. त्यांनीं उभ्या जन्मांत नवऱ्याला 'इकडून येणं कधीं होणार?' यापलीकडे प्रश्न केला नव्हता.

दोन्ही घरांची ओळख झाली ती लोकरीच्या विणकामामुळें. एक पोलिश बाई विणकाम व भरतकाम करून देत असे आणि पंधरा दिवसांनीं तयार काम घेऊन गांवांत येई. तिची मुलगी सासूबाईंच्याच वयाची, दोन वेण्या घालणारी. दोघींनाही शाळेंतलें मोडकें इंग्रजी येत होतें, आणि तें दोघींचेंही सारखेंच वाईट असल्यामुळें मैत्री लवकर जमली. तिचें नांव सासूबाईंना अर्थातच ठाऊक आहे. पण परक्या घरच्या लेकीचें नांव छापणें बरें नव्हे, म्हणून मी येथें देत नाहीं.

वसाहत पाहिलेल्यांना प्रथम आठवतात त्या लांबच लांब कौलारू बराकी, तट्ट्यांच्या भिंती, आणि प्रत्येक दारापुढची फुलबाग. उद्यां कोठें जावयाचें याचा पत्ता नसलेल्या माणसांनीं आधीं फुलझाडें लावावींत, याचें सासूबाईंच्या वडिलांना फार नवल वाटे. आंत गेलें कीं भिंतीवर मेरीमातेची तसबीर असे. पण ही मेरी काळी. चेस्टोखोव्हा नांवाच्या त्यांच्या क्षेत्रांतल्या मूर्तिचित्राची ती प्रत, आणि सारा पोलंड त्या काळ्या मातेला नवस बोलतो. सासूबाईंनीं घरीं येऊन सांगितलें कीं, गोऱ्यांची देवी विठोबासारखी काळी आहे. आजी म्हणाल्या, "मग शहाणी माणसं आहेत."

लहानसहान रीती सासूबाईंनीं त्या वयांत जितक्या टिपल्या तितक्या मला चाळीस वर्षें समोर राहून मामींच्याही टिपतां आल्या नाहींत. नवी पावाची वडी कापण्यापूर्वीं पोलिश बाई सुरीच्या टोंकानें तिच्यावर क्रूस काढी. तुकडा खालीं पडला तर तो उचलून त्याचें चुंबन घेत. आपण पडलेल्या अन्नाला हात लावून नमस्कार करतों तसेंच हें. पण सैबेरियांत उपाशी राहिलेल्या मुलांनीं तें केलें म्हणजे निराळें दिसे. त्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ रात्रीं उशीखालीं पावाची कड ठेवून झोंपे, आणि आई ती काढून घेत नसे. उंबऱ्याच्या आंतबाहेर उभे राहून ते हस्तांदोलन करीत नसत. पाहुण्यानें आधीं उंबरा ओलांडावा, मग नमस्कार. (आमच्याकडे उंबऱ्यावरून देणें-घेणें करूं नये म्हणतात, त्याचीच ही बहीण.) वाढदिवसापेक्षां त्यांना नामदिवसाचें अगत्य: आपलें नांव ज्या संताचें, त्या संताच्या दिवशीं गोडधोड. वृद्ध पुरुष भेटले म्हणजे वाकून बायकांच्या हाताचें चुंबन घेत. एका सत्तर वर्षांच्या सभ्य गृहस्थांनीं सासूबाईंच्या आईपुढें असेंच वाकून हात पुढें केला, तेव्हां आईनीं तव्याचा चटका बसावा तसा हात मागें घेतला आणि त्या माजघरांत गेल्या त्या गृहस्थ जाईपर्यंत बाहेर आल्या नाहींत. चहा ते कांचेच्या पेल्यांत, बिनदुधाचा पीत, आणि मिळाल्यास त्यांत लिंबू पिळीत. कोबी मिठांत आंबवून खात. हें ऐकून आजी म्हणाल्या, "तो कोबी शहाण्या माणसांचा नव्हे."

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, मुलें एकमेकांना पाण्यानें भिजवीत. ज्या कोल्हापुरांत रंगपंचमीला रस्त्यानें कोरडा माणूस सांपडत नाहीं, तेथें या एका सणाचें स्पष्टीकरण कोणास करावें लागलें नाहीं. पण सासूबाईंच्या मनांत राहिला तो नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेचा दिवस. 1943 सालीं दिवाळी संपते न संपते तोंच तो आला. आपल्या मृतांच्या थडग्यांवर त्या दिवशीं पोलिश लोक दिवे लावतात. वसाहत नवी, थडगीं थोडीं. ज्यांचीं माणसें सैबेरियांत पुरलीं गेलीं त्यांनीं दिवे कोठें लावावे? मैत्रिणीच्या आईनें दारांतल्या झेंडूच्या आळ्यांतच एक मेणबत्ती लावली. सासूबाईंच्या घरीं भाऊबीजेच्या पणत्या अजून कोनाड्यांतून उतरल्या नव्हत्या.

त्यांचें सारेंच गोड होतें असें मात्र सासूबाई कधीं म्हणत नाहींत. बराकींच्या ओळीओळींत भांडणें होत, आणि दारूच्या पायीं होत तीं ओंगळ असत. मुली नदीवर पोहावयास जात तो वेष कोल्हापुरांत फार दिवस बोलला गेला. अनवाणी, काळ्या माणसाला हलकें लेखणारे त्यांच्यांतही होते. सासूबाईंच्या मतें प्रत्येक देशांत शेंकडा अमुक माणसें तशीं असावयाचींच. आपल्यांतलीं तर आपण मोजलेलींही नाहींत.

आतां त्या कपाची गोष्ट. मैत्रीण घरीं आली कीं तिला चहा मिळे, लाडू मिळे, वेणींत माळायला अबोलीचा गजरा मिळे. पण हें सारें पडवींत. तिच्यासाठीं चिनी मातीचा एक कप होता, तो पडवीच्या कोनाड्यांत राही. तो कोणी आंत नेत नसे; ती स्वतः विसळून पुन्हा तेथेंच ठेवी. तिला वाटे, हा आपला म्हणून मुद्दाम ठेवलेला, मानाचा कप. सासूबाईंनीं तिला खरें कारण सांगितलें नाहीं. सोवळें म्हणजे काय हें इंग्रजींत कसें सांगावें, हा एक भाग. आणि सांगूं नये असें वाटलें, हा दुसरा.

1944 च्या डिसेंबरांत मैत्रिणीनें नाताळच्या आदल्या संध्याकाळचें आमंत्रण केलें. वडील जाऊं द्यावयास तयार झाले, आईनें बजावलें, "जा, बस, पण तोंडांत कांहीं घालूं नकोस." ती रात्र त्यांच्या वर्षांतली सर्वांत मोठी. दिवसभर उपास. घरांतलें सर्वांत लहान मूल दारांत उभें राहून आकाशांत पहिली चांदणी शोधतें, आणि ती दिसली कीं मग पान मांडतात. टेबलावर पांढरें स्वच्छ कापड, त्याच्याखालीं मूठभर वाळलेलें गवत, कारण बालख्रिस्त गव्हाणींत जन्मला. एक पातळ, पापुद्र्यासारखी पोळी घेऊन प्रत्येकजण दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडतो, वर्षाचे राग-रुसवे विसरून शुभ चिंततो, आणि मगच जेवण. जेवणांत मांस वर्ज्य. आणि एक जागा रिकामी: ताट, पेला, चमचा सारें मांडलेलें, पण माणूस नाहीं. अवचित कोणी वाटसरू आला तर त्याच्यासाठीं. त्यांच्यांत म्हणच आहे कीं, पाहुणा घरांत आला म्हणजे देव घरांत आला. त्या वर्षीं त्या खोल्यांत तशा रिकाम्या ताटाकडे पाहून बायका कोणाचा विचार करीत असतील, हें अकरा-बारा वर्षांच्या मुलीलाही समजत होतें.

सासूबाईंना नेऊन बसविलें तें त्या रिकाम्या जागेवर.

बीटाचें लाल सार आलें, करंजीसारखी मुरड घातलेले कोबीचे उकडलेले कानवले आले, आणि शेवटीं मैत्रिणीच्या आजीनें मोठ्या कौतुकानें एक वाडगा पुढें ठेवला. नांव विचारलें तर म्हणाली, "कुत्या." सासूबाई दचकल्या. पाहतात तों आंत खीर! शिजवलेला अख्खा गहू, मध, आणि वाटलेली खसखस. पूर्व पोलंडांतला हा नाताळचा मुख्य पदार्थ. आणि कोल्हापूरकडे खपली गव्हाची खीर कोणत्या घरीं होत नाहीं? तोच वास. सासूबाई म्हणाल्या, "माझें पोट भरलें आहे." आजीनें आग्रह केला नाहीं, वाडगा मात्र उचलला नाहीं, तो शेवटपर्यंत त्यांच्यापुढें राहिला.

"सूनबाई, ती खीर मी खाल्ली नाहीं," असें सासूबाई आजही म्हणतात, आणि दर वेळीं तें प्रथमच सांगत असल्यासारखें म्हणतात.

1945 सालीं लढाई संपली, पण या लोकांना घर मिळालें नाहीं. त्यांचीं गांवें याल्टाच्या वाटाघाटींत रशियाकडे गेलीं होतीं. पोलंडांत परत जावें तर आपलें गांव पोलंडांत नाहीं. कोणी इंग्लंडची वाट धरली, कोणी ऑस्ट्रेलियाची, कोणी कॅनडाची. कांहीं पोलंडास परतले. 1947-48 मध्यें वसाहत हळूहळू मोडत गेली. मैत्रिणीच्या आईला इंग्लंडचें जहाज मिळावयाचें होतें.

इतक्यांत 1948 च्या जानेवारीच्या अखेरीस महात्माजींची हत्या झाली. त्यानंतर कोल्हापुरांत ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. घरें जळलीं, दुकानें जळलीं, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. या प्रकाराविषयीं आजवर पुष्कळांनीं पुष्कळ रागानें लिहिलें आहे. तो हिशेब मला येथें मांडावयाचा नाहीं. सासूबाईंच्या माहेरच्यांना मिळाला अर्धा तास. मैत्रिणीनें सांगितलेला सैबेरियाचा अर्धा तास त्यांना पाठ होता: शिपाई दारांत, आणि तिच्या आईनें उचललेली शिवणाच्या यंत्राची मान व वाळल्या पावाची पिशवी. ऐकतांना ती कहाणी होती. आतां आपल्या आईनें देवांचे टांक आणि तांदळाचा डबा उचललेला त्यांनीं पाहिला. शेजारच्या मराठा कुटुंबानें परसाच्या दारानें सर्वांना आपल्या घरांत घेतलें, आणि तीन दिवस कोणाला थांग लागूं दिला नाहीं.

चौथ्या दिवशीं घरीं येऊन पाहतात तों चार भिंती उभ्या होत्या. पडवीचा एक कोपरा जळावयाचा राहिला होता, आणि कोनाड्यांत तो कप तसाच होता. थोड्या वेळानें टांगा आला. त्यांतून मैत्रीण व तिची आई उतरल्या. जवळ दोन ब्लँकेटें, पावाची एक वडी आणि झांकणाला दोरी बांधलेली किटली. किटलींत बिनदुधाचा चहा. भांडें एकच होतें. सासूबाईंच्या आईनें त्या कपांत चहा घेतला, प्यायला, आणि विसळायला पाणी नव्हतें म्हणून तसाच भरून मैत्रिणीपुढें केला. मग तो कप सर्वांत फिरला. पावही खाल्ला. पोलिश बाईनें कापण्यापूर्वीं त्यावर क्रूस काढला, तो सर्वांनीं पाहिला. आई त्याविषयीं कांहीं बोलल्या नाहींत, आणि पुढें तीस वर्षें जगल्या त्यांतही कधीं बोलल्या नाहींत.

त्यानंतर महिनाभरांत हें कुटुंब मुंबईस, माटुंग्याला मामांच्या आश्रयास आलें, आणि मैत्रीण जहाजानें गेली. कांहीं वर्षें इंग्लंडहून पत्रें येत होतीं. मग तीं थांबलीं. सासूबाईंचें लग्न माटुंग्यांतच झालें, आणि नव्या घरांतल्या पहिल्याच पाडव्याला त्यांनीं एक पान अधिक मांडलें. आजेसासूबाईंनीं कारण विचारलें, तेव्हां "आमच्याकडची चाल आहे," असें त्यांनीं सांगितलें म्हणे. खोटें नव्हतें.

21 ऑगस्ट 2024 रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं वॉर्सा येथें जामसाहेबांच्या स्मारकावर आणि कोल्हापूरच्या स्मारकावर पुष्पचक्रें वाहिलीं. दूरदर्शनवर 'कोल्हापूर' हा शब्द ऐकतांच नव्वदी ओलांडलेल्या सासूबाई खुर्चींत ताठ बसल्या. "मला एकदां वळिवड्यास न्या," हें तेव्हांपासून चालू झालें. डॉक्टरांना विचारून, यजमानांनीं रजा काढून, मार्गशीर्षांत आम्ही तिघांनीं दादरला महालक्ष्मी एक्सप्रेस धरली.

सकाळीं हातकणंगलें गेलें, रुकडी गेली, दोन्ही बाजूंना ऊंस, मग पंचगंगेचा पूल. वळिवड्यास आमची गाडी थांबत नाहीं. फलाट झर्रकन् मागें गेला. सासूबाईंनीं खिडकीच्या कांचेवर हात ठेवला तो स्टेशन गेल्यावरही तेथेंच होता. कोल्हापुरास उतरून महावीर उद्यानांतलें पोलिशांचें स्मारक पाहिलें. मग दफनभूमींत गेलों. तेथें पोलिश थडगीं आहेत. नीट राखलेलीं आहेत. यजमान एकेक नांव अडखळत वाचीत होते, आणि सासूबाई उच्चार सुधारीत होत्या. ओळखीचें कोणी निघालें नाहीं. त्याचें त्यांना बरें वाटलें कीं वाईट, हें मला त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवितां आलें नाहीं.

दुपारीं वसाहतीच्या जागीं गेलों. पोलिश गेल्यावर त्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली. त्यांनीं तेथें गांधीनगर वसविलें. आज ती कापडाच्या घाऊक व्यापाराची मोठी पेठ आहे. गल्ल्याच गल्ल्या, टेम्पो, गठ्ठे उचलणारे हमाल, साड्यांचे ढीग. आमची बराक कोणती, विहीर कोणत्या अंगाला, हें शोधण्याचा सासूबाईंनीं दोनदां प्रयत्न केला आणि दोनदां त्या चुकल्या. शेवटीं एका दुकानाच्या पायरीशीं त्या दमून उभ्या राहिल्या. दुकानदारानें लगेच गादीवरून उठून खुर्ची दिली, पाणी मागविलें, "आजी, बसा," म्हणाला. चांगलें कोल्हापुरी मराठी बोलत होता.

कशासाठीं आलों तें त्याला सांगितलें. पोलिश लोक येथें होते एवढें त्याला ऐकून ठाऊक होतें. मग आठवून म्हणाला, त्याची आजी सांगत असे कीं, आम्ही सिंधमधून आलों तेव्हां खोलींत कांहीं नव्हतें, पण दारापुढें फुलझाडें होतीं. कोणीं लावलीं माहीत नव्हतें. पाणी आणायला लांब जावें लागे, तरी त्यांना घालीत होतों.

सासूबाईंनीं विचारलें, "झेंडू होता का?"

तें त्याला सांगतां येईना. तो ओशाळून हंसला आणि चहा आणूं का म्हणाला. चहा आला. सासूबाईंनीं बशींत न ओततां कपानेंच प्यायला, दुकानांत सभोंवार पाहिलें, आणि वरच्या फळीकडे बोट करून पांढऱ्या सुती कापडाचा तागा काढावयास सांगितला. आतां आमच्याकडे कोणाला जमिनीवर बसवत नाहीं. पाडव्याला दोन टेबलें जोडतों, त्यांवर अंथरावयास हवेंच होतें. दुकानदार म्हणाला, "आजींकडून काय घ्यायचं, असंच न्या." हें सासूबाईंना मुळींच पसंत पडलें नाहीं. भाव सांग म्हणाल्या, त्यानें सांगितला, आणि मग चश्मा पुसून, कापडाचा पोत उन्हांत धरून पाहून, त्या अर्धा तास त्याच्याशीं घासाघीस करीत बसल्या.